कॅपोनच्या कबरीपाशी, रिकाम्या हातानं

गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ बायको-मुलाला घेऊन नाशिकहून आमच्याकडे शिकागोला आला होता. विवेकानंद १८९३ साली जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पाहून झाली, तळ्याचा काठ झाला, लेमाँटचं मंदिर झालं. मग त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलानं विचारलं, "काका, अल कॅपोनची कबर इथून किती लांब आहे?" कॅपोन म्हणजे अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळातला शिकागोचा कुप्रसिद्ध टोळीप्रमुख. गाडीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग माझा भाऊ म्हणाला, "त्या गुंडाच्या कबरीवर कशाला? डोकं टेकवायला?" मुलगा म्हणाला, "बाबा, हिस्ट्री आहे ती." पुढचा अर्धा तास बापलेक हीच दोन वाक्यं वेगवेगळ्या आवाजात बोलत राहिले. त्या आठवड्यात मित्रमंडळींकडे जेवायला गेलो तिथेही हा विषय निघाला आणि सगळे याच दोन बाजूंना वाटले गेले. एका बाजूचं म्हणणं, अशा माणसाच्या थडग्याकडे फिरकणं म्हणजे गुन्हेगाराचा उदोउदो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, गंमत म्हणून बघून यायला काय हरकत आहे?

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि दोघींची चूक एकच आहे. कबरीपाशी गेलेला माणूस तिथे काय करतो, हा प्रश्न दोघीही विचारत नाहीत. पाहणं आणि वाहणं यात आपल्या भाषेतही एका अक्षराचा फरक आहे आणि सगळा वाद त्या अक्षराचा आहे. माझं मत स्पष्ट सांगतो. कॅपोनची कबर पाहायला जरूर जावं. तिथे काहीही ठेवू नये. आणि तेवढंच पाहून परत फिरू नये, कारण त्या माणसाची खरी गोष्ट त्या दगडावर लिहिलेलीच नाही.

आधी जागा कशी आहे ते सांगायला हवं, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. शिकागोच्या पश्चिमेला हिलसाइड नावाच्या उपनगरात माउंट कार्मेल ही कॅथलिक दफनभूमी आहे. १९०१ साली सुरू झालेली. दोन लाखांहून जास्त माणसं इथे पुरलेली आहेत, त्यांत इटालियन घराणी पुष्कळ. त्यांच्या दगडांवर अंडाकृती चिनीमातीच्या चकत्यांवर मृतांचे फोटो बसवलेले असतात. मिशा पिळलेले आजोबा, डोक्यावरून रुमाल बांधलेल्या आज्या, नव्या सुटातले तरुण. १९२१ साली बाळंतपणात गेलेल्या जुलिया बुकोला पेटा या तरुणीचा लग्नाच्या पोशाखातला पुतळा इथेच आहे. तिच्या आईनं सहा वर्षांनी कबर उघडायला लावली, तेव्हाचा फोटोही त्या दगडावर आहे. शिकागोच्या धर्मप्रमुखांचं मोठं स्मारकघर इथेच आहे. आणि एका झुडपामागे कॅपोन कुटुंबाचा मोठा दगड, त्याच्यासमोर जमिनीलगत बसवलेल्या लहान दगडांपैकी एकावर अल्फोन्स कॅपोन हे नाव, १८९९ आणि १९४७ ही दोन सालं, आणि 'माझ्या येशू, दया कर' अशी प्रार्थना. शेजारी बाप, भाऊ, आई. एवढंच. वाकल्याशिवाय नीट वाचताही येत नाही. त्या दगडाभोवती मात्र सिगार, नाणी, व्हिस्कीच्या छोट्या बाटल्या, कधी प्लास्टिकची फुलं. कॅपोनला तिथे कुणीही मोठं केलेलं नाही. मोठं करण्याची सगळी सामग्री येणाऱ्यांनी बाहेरून आणलेली आहे.

विरोध करणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा जर्मनीतून येतो आणि तो उडवून लावता येत नाही. हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस बव्हेरियातल्या वुन्झीडेल गावात पुरलेला होता. दरवर्षी त्याच्या मृत्युदिनाच्या सुमारास नवनाझी तिथे मोर्चे काढायचे. गावकरी वैतागले. शेवटी जुलै २०११ मध्ये कबर काढून टाकली गेली, अवशेष जाळून राख समुद्रात सोडली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या लेओंडिंगमध्ये हिटलरच्या आईबापांच्या थडग्यावरचा दगडही नातेवाइकांच्या संमतीनं हलवला. म्हणजे कबर हे यात्रास्थान होऊ शकतं, आणि ती नाहीशी केल्यानं यात्रा थांबवता येते. हे मी मान्य करतो. अशी वेळ आली तर कबर हलवणं हा शहाणपणाचा निर्णय असतो, हेही मान्य.

पण हेसच्या कबरीकडे येणारी माणसं एक राजकीय कार्यक्रम घेऊन येत होती. त्यांना तो माणूस परत हवा होता, त्याचं राज्य परत हवं होतं. माउंट कार्मेलला येणाऱ्या माणसाला काय हवं असतं? फोटो. त्याच्या मागे संघटना नाही, झेंडा नाही, पुढच्या वर्षीची तारीख ठरलेली नाही. दोन्हींना एकच औषध देणं म्हणजे ताप आणि खोकला दोन्हीवर एकच गोळी. शिवाय लपवण्याचा प्रयोग इथे एकदा होऊन गेलाय. कॅपोन २५ जानेवारी १९४७ रोजी फ्लोरिडातल्या आपल्या घरी वारला, तेव्हा त्याला आधी शिकागोच्या दक्षिणेला माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत पुरलं होतं. बघ्यांचा त्रास नको म्हणून १९५० साली कुटुंबानं सगळ्यांना माउंट कार्मेलला हलवलं, असं सांगितलं जातं. पुढे काय झालं? बघे नव्या पत्त्यावर येऊ लागले.

आणि उदोउदो म्हणाल तर तो कबरीच्या फार आधी, माणूस जिवंत असतानाच सुरू झालेला असतो. याच दफनभूमीत कॅपोनचा वैरी डीन ओबॅनियन आहे. तो एका कॅथेड्रलसमोर फुलांचं दुकान चालवायचा आणि १० नोव्हेंबर १९२४ ला त्याच दुकानात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. चर्चनं त्याला अंत्यविधी नाकारला. पण अंत्ययात्रेला फुलांनी भरलेले दोन डझनांहून जास्त ट्रक होते आणि हजारो लोक रस्त्यावर उभे होते. तेव्हा कबर खोदून व्हायची होती, दगड बसायचा होता. ती गर्दी दगडानं जमवली होती का? आपल्याकडचं उदाहरण तर अगदी अलीकडचं आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत एक गुंड तळोजा तुरुंगातून सुटला आणि पुण्यापर्यंत शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली, ड्रोननं चित्रण झालं, तरुण पोरांनी ते स्टेटसला लावलं. तिथे कुणाची कबर होती? ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात कॅपोनच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्याच्या आवडत्या पिस्तुलालाच ८ लाख ६० हजार डॉलरची बोली लागली. दगडाशी ठेवलेल्या दोन डॉलरच्या सिगारवर चिडणाऱ्यांना या बोलीवर बोलायला सुचत नाही, याचं मला दुःख होतं. पैसा, दिखावा, दहशतीचं कौतुक हे सगळं त्या लिलावात होतं, आणि ते सभ्य पोशाखात होतं म्हणून सुटलं.

मराठी माणसानं तर या बाबतीत गोंधळायचं काही कारण नाही. "मरणान्तानि वैराणि" हे रामानं रावणाच्या प्रेतासमोर बिभीषणाला सांगितलेलं वाक्य आपल्या घरांत आजही म्हटलं जातं. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि त्याची कबर तिथेच आहे. शत्रूलाही माती द्यायची, ही आपण अभिमानानं सांगतो ती गोष्ट. पण त्या कबरीभोवती नंतर जी बांधकामं वाढली ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं पाडली आणि कबर तशीच ठेवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या बडा कब्रस्तानात याकूब मेमनच्या कबरीवर दिवे लावल्यावरून वादळ उठलं. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं मेली होती, त्यांचे नातेवाईक अजून या शहरात राहतात. पोलिसांनी दिवे काढायला लावले, ते योग्यच झालं. दोन्ही वेळा आरडाओरडा पुष्कळ झाला आणि दोन्ही बाजूंनी एक साधा भेद पुसून टाकला. माती मिळणं हा प्रत्येक मेलेल्याचा हक्क आहे. रोषणाई मिळणं हा कुणाचाच हक्क नाही. कॅपोनच्या बाबतीत चर्चनं १९४७ साली हाच तोल सांभाळला होता. त्याला पवित्र मातीत जागा दिली, पण थाटाचा विधी होऊ दिला नाही. थोडक्या लोकांत, थंडीत, छोटी प्रार्थना झाली. जे तेव्हाच्या धर्मगुरूंना कळलं ते आज सिगार ठेवणाऱ्यांना का कळू नये?

आता दुसरी बाजू, 'हिस्ट्री आहे, गंमत आहे' म्हणणाऱ्यांची. त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ते हिस्ट्री म्हणतात आणि तिचं एक पानही उलटत नाहीत. त्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती आणि तो कायदा न पेलणारा होता. कोट्यवधी सामान्य माणसांना जे हवं होतं ते कायद्यानं गुन्हा ठरवलं, आणि मग ते पुरवणाऱ्याला लोकांनी मनातून गुन्हेगार मानलंच नाही. आम्हा मुंबईकरांना हे कुणी समजावून सांगायला नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या पेटल्या आणि त्या धुरातून वरदराजन मुदलियारसारखा माणूस वर आला. कॅपोननं १९३० साली, मंदीच्या ऐन तोंडावर, शिकागोच्या साउथ स्टेट स्ट्रीटवर बेकारांसाठी फुकट सूप-पावाचं अन्नछत्र काढलं. वरदाभाईनं माटुंगा स्टेशनबाहेर डोळे दिपवणारा गणपती बसवला. भुकेल्या माणसाला वाटी मिळाली हे खोटं नाही, भाविकाला दर्शन मिळालं हेही खोटं नाही. ज्याच्या पोटात तीन दिवस काही नव्हतं त्यानं ती वाटी नाकारायला हवी होती, असं मी म्हणणार नाही.

पण तो पैसा कुठून आला आणि त्यानं आणखी काय विकत घेतलं, हे विचारायला नको का? बिअर विकणाऱ्याला नुसती बिअर विकून भागत नाही. त्याला पोलीस लागतो, न्यायाधीश लागतो, मतदान केंद्र लागतं. एप्रिल १९२४ मध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावाची निवडणूक कॅपोनच्या माणसांनी बंदुकीच्या धाकावर ताब्यात घेतली. त्याच दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी त्याचा भाऊ फ्रँक मेला, तोच जो आज त्याच्या शेजारी पुरलेला आहे. एप्रिल १९२८ च्या शिकागोतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत इतके बॉम्ब फुटले की लोकांनी तिला हातबॉम्बच्या बोलीतल्या नावावरून 'अननसाची निवडणूक' म्हणायला सुरुवात केली. ज्या महापौर थॉम्पसनच्या मागे कॅपोनचा पैसा होता, त्याच्या गटातल्या एका बलाढ्य पुढाऱ्याविरुद्ध ऑक्टेव्हियस ग्रॅनडी नावाचा एक कृष्णवर्णीय वकील उभा राहिला होता. मतदानाच्या दिवशी त्याच्या गाडीचा पाठलाग करून त्याला गोळ्या घातल्या. खटला झाला, आरोपींमध्ये पोलीसही होते, सगळे सुटले. तो खून कॅपोनच्या हुकुमावरून झाला असा दावा मी करत नाही. ज्या शहराची हवा कॅपोनच्या पैशानं बनवली होती, त्या हवेत तो झाला. अन्नछत्राचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. ग्रॅनडीचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा वाचत असाल. अन्नछत्राची गोष्ट सांगायची आणि ग्रॅनडीची गाळायची, तर तिला इतिहास कुठल्या तोंडानं म्हणायचं?

कायद्यानंही पूर्ण गोष्ट कधी सांगितली नाही. कॅपोनला एकाही खुनासाठी शिक्षा झाली नाही. १९३१ साली तो अडकला तो प्राप्तिकर बुडवल्याबद्दल. बेकायदा कमाईवरही कर लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९२७ साली दिलेला होता, त्याच्या आधारानं. न्यायाधीश विल्करसन यांनी ऐन वेळी ज्यूरी बदलली म्हणून खटला टिकला. अकरा वर्षांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड. लोक ही गोष्ट चातुर्यकथा म्हणून सांगतात. मला ती सांगताना लाज वाटते, कारण तिचा अर्थ असा की सरकारच्या हिशेबात बुडालेला कर सापडला आणि बुडालेली माणसं सापडली नाहीत.

ती माणसं कुठे आहेत ते पाहायचं असेल तर नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवर २१२२ क्रमांकाच्या जागी जा. १४ फेब्रुवारी १९२९ ला सकाळी तिथल्या गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मशीनगननं उडवलं. मारेकऱ्यांपैकी दोघे पोलिसांच्या गणवेशात होते. संशय कॅपोनच्या टोळीवर होता, पण कॅपोन त्या दिवशी मायामीत होता. त्या हत्याकांडासाठी कुणालाच शिक्षा झाली नाही. मेलेले सातही जण निष्पाप नव्हते, बहुतेक विरोधी टोळीतले होते. पण त्यांत जॉन मे नावाचा मोटार मेकॅनिक होता, कामाच्या कपड्यांत, पोराबाळांचा बाप. आणि राइनहार्ट श्विमर नावाचा चष्म्याचे नंबर काढणारा माणूस होता, ज्याला गुंडांच्या सोबतीची भुरळ पडली होती. माझ्या पुतण्याच्या वयाच्या पोरांना पडते तशीच. गॅरेज १९६७ साली पाडलं. त्या भिंतीच्या विटा एका कॅनेडियन व्यावसायिकानं विकत घेतल्या आणि आज त्या लास व्हेगासच्या संग्रहालयात आहेत. क्लार्क स्ट्रीटवर आता वृद्धांच्या वसतिगृहाशेजारी नुसती हिरवळ आहे. फलक नाही, नावं नाहीत. मारणाऱ्याशी जोडलेल्या दगडावर सिगारांचा ढीग आणि मेलेल्यांच्या जागी गवत, हा खरा अन्याय आहे. कबर झाकून तो मिटत नाही.

कोलंबियातल्या मेदेयीन शहरानं हे ओळखलं. अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबारची कबर शहरालगतच्या दफनभूमीत आहे, पर्यटक तिथेही फुलं-सिगारेटी ठेवतात. शहरानं कबरीला हात लावला नाही. तो ज्या मोनॅको इमारतीत राहायचा ती २२ फेब्रुवारी २०१९ ला स्फोटानं पाडली आणि तिथे मृतांसाठी बाग केली. भिंतीला ४६,६१२ छिद्रं आहेत, १९८३ ते १९९४ या काळात त्या हिंसाचारात गेलेल्या प्रत्येकासाठी एक. शिकागोनं असं काही केलेलं नाही. १९८९ साली कॅपोनच्या प्रेअरी अव्हेन्यूवरच्या घराला राष्ट्रीय वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला, तेव्हा इटालियन-अमेरिकन लोकांनी विरोध करून तो हाणून पाडला. मला त्यांचा संताप समजतो. इटालियन आडनाव सांगितलं की समोरचा बंदुकीचा अभिनय करतो, हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली ती माणसं. पण घराला पाटी नको म्हणताना कुणीतरी क्लार्क स्ट्रीटला पाटी हवी असंही म्हणायला हवं होतं. गप्प बसल्यानं जी जागा मोकळी राहिली ती टूर बसवाल्यांनी भरली.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत साधा आहे. ही कुणाची तरी दफनभूमी आहे, आजही तिथे अंत्यविधी होतात, कुणी बापाला माती देत असताना शेजारून लोक गुंडाची कबर विचारत फिरतात. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही, फक्त मान्यता आहे. अंत्ययात्रा दिसली तर गाडी थांबवावी, आवाज खाली ठेवावा, दगडावर पाय ठेवू नये. जमणार नसेल तर जाऊ नये.

शेवटी आम्ही गेलो. भाऊ गाडीतून उतरला नाही. मुलगा त्या दगडाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "एवढंसंच आहे?" त्याच्या खिशात दहा रुपयांचं नाणं होतं, इतरांनी ठेवलेली नाणी पाहून त्यानं ते बाहेर काढलं होतं. मी त्याला श्विमरची गोष्ट सांगितली. नाणं त्यानं परत खिशात टाकलं. मग रूझवेल्ट रोड ओलांडून आम्ही समोरच्या क्वीन ऑफ हेवन दफनभूमीत गेलो. १ डिसेंबर १९५८ ला शिकागोतल्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेला आग लागली, त्यात ९२ मुलं आणि ३ नन मेल्या. त्या आगीनंतर देशभरातल्या शाळांचे अग्निसुरक्षेचे नियम बदलले. त्या मुलांचं स्मारक तिथे आहे. आम्ही होतो तेवढा वेळ तिथे दुसरं कुणी आलं नाही. थोड्या वेळानं मागे गाडीचं दार वाजलं. भाऊ उतरून आला, चष्मा पुसला आणि पोराच्या शेजारी उभा राहून नावं वाचू लागला.